न बोलावलेल्या जोशाची दक्षिणा : लग्न कुठे आणि कसं लावायचं, हे ठरवण्याचा हक्क आपल्याला कसा मिळाला

लग्नसराई तोंडावर आली की घराघरात तेच प्रश्न सुरू होतात. हॉल कुठला? तारीख मिळतेय का? भटजी बोलवायचे, सत्यशोधक पद्धतीनं करायचं, बौद्ध पद्धतीनं करायचं, की सरळ रजिस्टर? आणि सगळ्यात शेवटी विचारला जाणारा, पण सगळ्यात आधी मनात असणारा प्रश्न : लोक काय म्हणतील?

हा घरातला, खासगी मामला आहे असं आपण धरून चालतो. आज तो आहेही. पण तो तसा व्हायला किमान ऐंशी वर्षं लागली. त्यासाठी कोर्टात खटले झाले, मुंबईच्या कायदेमंडळात बिलं मांडली गेली, माणसं वाळीत पडली. आणि या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या जुन्नर तालुक्यातलं, ओतूरचं आहे. ते आपल्याच पोरांना माहीत नाही, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांबली आहे, सवडीनं वाचा.

आधी जुनं चित्र समजून घेऊ. पणजोबांच्या काळात ‘ठिकाण’ हा प्रश्नच नव्हता. मुलीच्या दारात मांडव, काही समाजांत मुलाच्या दारात. आंब्याचे डहाळे, वऱ्हाडाला जानवसा, बैलगाड्यांची रांग. कुंभाराकडून मडकी यायची, परीट पायघड्या घालायचा, न्हाव्याचा मान वेगळा, वाजंत्र्यांचा वेगळा. लग्न एका घरचं असलं तरी त्यात गावातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि प्रत्येकाचा हक्कही ठरलेला.

या ओळीतच ग्रामजोशी होता. पण त्याची गोष्ट थोडी निराळी. त्याचं वतन होतं. म्हणजे गावातल्या घरांची धार्मिक कार्यं करणं आणि त्याची दक्षिणा घेणं हा त्याचा पिढीजात हक्क मानला जायचा, जमिनीच्या हक्कासारखा. तुम्ही दुसऱ्याला बोलावलं तर तो कोर्टात जाऊन दाद मागू शकत होता. तुम्हाला तो आवडतो की नाही, त्याचे मंत्र तुम्हाला कळतात की नाही, हा प्रश्नच नव्हता.

आणि त्याच गावात काही घरं अशी होती की त्यांच्या मांडवात जोशी पाऊल टाकत नसे. अस्पृश्य मानलेल्यांना मुहूर्त बहुतेक ठिकाणी लांबूनच सांगितला जायचा. त्यांची वरात कुठल्या रस्त्यानं जाणार, नवरदेव घोड्यावर बसणार की नाही, हे त्या घरानं नाही, गावानं ठरवायचं. म्हणजे एकाला नको असताना जोशी घ्यावा लागे, दुसऱ्याला हवा असला तरी मिळत नसे. ठरवण्याचा हक्क दोघांनाही नव्हता.

कायदा मदतीला येत नव्हता असं नाही. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्यात एक कलम फार मोलाचं होतं : कुमारिकेच्या लग्नाला जे विधी पुरतात, तेच विधी विधवेच्या लग्नालाही पुरतील. कागदावर प्रश्न मिटला. पण विधी करायला उभं कोण राहणार? कन्यादान कोण करणार? मांडव कोणाच्या दारात पडणार? १८६९ साली मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकारानं वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचं लग्न लागलं, तर ते लावणाऱ्यांवर आणि त्याला पाठिंबा देणाऱ्यांवर बहिष्काराचं हत्यार उपसलं गेलं. चोवीस वर्षांनी, १८९३ च्या मार्चमध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हासुद्धा त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. कायद्यानं परवानगी दिली होती, गावानं दिली नव्हती.

महात्मा फुल्यांनी नेमकी हीच गाठ ओळखली. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ ला, पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. सीताराम आल्हाट आणि राधा. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. दुसरं लग्न ७ मे १८७४ ला, ज्ञानोबा ससाण्यांचं.

या लग्नात वेगळं काय होतं? नुसतं ‘भटजी नाही’ एवढंच नव्हतं. फुल्यांनी मंगलाष्टकं नव्यानं आणि मराठीत लिहिली. ती तिसऱ्याच माणसानं म्हणून मोकळं व्हायचं नाही, तर नवरानवरीनं एकमेकांना उद्देशून बोलायचं. वधू विचारते की बायकांना स्वातंत्र्य मिळत नाही, तू माझे हक्क मानशील का? आणि वर चार माणसांसमोर तसं वचन देतो. हा सगळा पूजाविधी त्यांनी १८८७ साली पुस्तकरूपानं छापला, म्हणजे कुठल्याही गावातल्या माणसाला तो हातात घेऊन लग्न लावता यावं. दोन वर्षांनी, ४ फेब्रुवारी १८८९ ला, त्यांनी स्वतःच्या यशवंताचं लग्नही ज्ञानोबा ससाण्यांच्या मुलीशी याच पद्धतीनं लावलं. लोकांना सांगायचं एक आणि घरात करायचं दुसरं, असा प्रकार नव्हता.

आता ओतूरकडे येऊ.

जुन्नर भागात सत्यशोधक विचार शेतकऱ्यांत चांगलाच रुजला होता. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं कार्य ग्रामजोशाला न बोलावता उरकलं. दुसरा भटजीही आणला नाही. यावर तिथल्या जोशांनी दावा लावला. मुद्दा असा : तुम्ही आम्हाला बोलावलं नसलं तरी आमचा हक्क बुडाला, तेव्हा दक्षिणा भरा.

जरा थांबून विचार करा. जेवायला आला नाहीत तरी ताटाचे पैसे द्या, असा हा दावा आहे. पण त्या काळच्या वतनाच्या हिशेबात तो बिनबुडाचा नव्हता. वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील या नावानं हा खटला जुन्नरहून चढत चढत १८८९ च्या सुमाराला मुंबई हायकोर्टात गेला आणि कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला. ओतूरच्या एका शेतकऱ्यानं आपल्या घरचं लग्न आपल्या मनाप्रमाणे लावायचं ठरवलं, आणि त्याचा निवाडा करायला मुंबईच्या न्यायमूर्तींना बसावं लागलं. कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि गावात रोज तोंडं बघावी लागतात ती वेगळीच. तरी माणसं मागे हटली नाहीत.

जोशी वतनाचा प्रश्न एका खटल्यानं मिटला नाही. पुढची कित्येक वर्षं तो धुमसत राहिला. शेवटी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी तो लावून धरला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ज्यांच्या नावानं ओळखला जातो, तेच हे बोले. १९२६ साली कायदा झाला : ज्याला बोलावलंच नाही त्याला धार्मिक कार्याची दक्षिणा वसूल करता येणार नाही. पहिल्या सत्यशोधक लग्नानंतर हे व्हायला त्रेपन्न वर्षं गेली. आज कोणी हे विचारलं तर हसाल, यात कायदा कशाला पाहिजे? पाहिजे होता. कारण तोवर ‘नको’ म्हणण्याचीही किंमत मोजावी लागत होती.

दुसरी लढाई जातीची होती. लग्न कसं लावायचं याच्या आधी कोणाशी लावायचं हे येतं. १८७२ साली सरकारनं नोंदणी लग्नाचा कायदा केला. मागणी मुख्यतः बंगालच्या ब्राह्मो मंडळींची होती. पण त्यात मेख अशी की नवरानवरीनं लिहून द्यायचं : आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. म्हणजे जात सोडायची तर धर्मही सोडा. १९२३ च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना धर्म न नाकारता असं लग्न करता येऊ लागलं, पण मग एकत्र कुटुंबाशी असलेलं नातं कायद्यानं तुटायचं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी वाट वेगळी काढली. १९१३ मध्ये सत्यशोधक शाळा काढून ब्राह्मणेतर पुरोहित तयार करायला सुरुवात केली आणि १९१९ मध्ये आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली. देशभर हिंदूंची आंतरजातीय लग्नं वैध ठरवणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९४९ साली आला.

त्याच्या एकच वर्ष आधीची गोष्ट. १५ एप्रिल १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी लग्न केलं. ठिकाण? दिल्लीतलं त्यांचं राहतं घर, १ हार्डिंग ॲव्हेन्यू. ना हॉल, ना मिरवणूक. देशाच्या कायदामंत्र्यानं आणि घटनेचा मसुदा लिहिणाऱ्या माणसानं लग्नासाठी घराची बैठक निवडली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या अनुयायांनीही हाच साधेपणा धरला : बुद्धप्रतिमेसमोर पांढऱ्या कपड्यांतले नवरानवरी, त्रिशरण, पंचशील, एकमेकांना हार. ज्यांच्या मांडवात जोशी येत नव्हता, त्यांनी जोशाची गरजच संपवली.

मग १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा. आज आपण जे निवडतो ते या दोन दारांतून निवडतो, आणि इथेच लोकांचा सगळ्यात मोठा घोळ होतो. म्हणून नीट सांगतो.

स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडानं बोलणं. ते कोणत्या भाषेत? त्या दोघांना समजेल अशा भाषेत. कायद्यातच तसं लिहिलंय. फुल्यांनी १८७३ साली जो आग्रह धरला होता, तो ऐंशी वर्षांनी सरकारी कागदावर दिसतो. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते : हे लग्न रजिस्ट्रारच्या कचेरीतच व्हायला पाहिजे असं नाही. जादा फी भरून कचेरीपासून वाजवी अंतरावरच्या, तुमच्या पसंतीच्या जागी अधिकाऱ्याला बोलावता येतं. आणि त्या वेळी तुम्हाला हवा तो विधीही करता येतो. शेतात करा, शाळेच्या पटांगणात करा, घराच्या अंगणात करा.

हिंदू विवाह कायद्यात (तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे) उलट आहे. तिथे लग्न विधीनं लागतं. दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाला पाहिजे, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण. तिथली नोंदणी म्हणजे झालेल्या लग्नाचा पुरावा. नोंदणीनं लग्न ‘होत’ नाही. ग्रामसेवकाकडून किंवा पालिकेतून दाखला आणला म्हणजे ‘रजिस्टर मॅरेज’ झालं, हा समज चुकीचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच पुन्हा सांगितलं. एका जोडप्याकडे संस्थेचा दाखला होता, सरकारी नोंदणीही होती, पण विधी झालाच नव्हता. कोर्ट म्हणालं, मग लग्नही झालं नाही. कोर्टानं असंही बजावलं की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे.

हे तांत्रिक वाटेल, पण याची किंमत कोण मोजतं ते बघा. १९६५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे, भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र सरकार. पहिली बायको असताना १९६२ साली त्यानं गांधर्व पद्धतीनं दुसरं लग्न लावलं. पहिलीनं दाद मागितली. कोर्टानं पाहिलं की दुसऱ्या लग्नात होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांच्या समाजात याशिवाय लग्न लागतं अशी रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणजे दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही. आणि ते लग्नच नाही म्हटल्यावर दोन लग्नांचा गुन्हाही नाही. माणूस सुटला. पहिलीला न्याय नाही आणि दुसरी ना बायको ना कोणी. विधी अर्धवट राहिला तर फास बाईच्या गळ्याला बसतो.

म्हणून साधं लग्न करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एकच : साधं करा, पण कच्चं करू नका. सत्यशोधक पद्धतीनं करा, संविधानाची प्रास्ताविका वाचून करा, झाड लावून करा, मस्तच. पण त्याच्या जोडीला स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न नोंदवा. उद्या वारसा, पेन्शन, पोटगी यांचा प्रश्न आला तर भावना कामाला येत नाहीत, कागद येतो. गोव्यात बघा. पोर्तुगीज काळापासून तिथे नवरानवरीला निबंधकासमोर जाऊन आधी इरादा सांगायचा आणि मग पुन्हा जाऊन सही करायची, अशी दोनदा हजेरी लावण्याची पद्धत आहे. धार्मिक सोहळा त्याच्या जोडीला. देऊळ असो की चर्च, कागद सगळ्यांना लागतो.

राहिला हॉलचा प्रश्न. मांडव दारातून कार्यालयात का गेला? शहरात चाळीच्या दोन खोल्यांपुढे मांडव घालायला जागा नव्हती. चार-पाच दिवसांचं लग्न एका दिवसावर आलं, कारण कामावरून रजा मिळेना. कुंभार, परीट, न्हावी, वाजंत्री यांची ठरलेली कामं गेली आणि त्या जागी केटरर, डेकोरेटर, डीजे आले. हा बदल मुळात सोयीचा होता. बायाबापड्यांची चुलीपुढची चार दिवसांची राबणूक थांबली, हे विसरू नये.

खर्चावरून शेतकऱ्याला झोडपण्याचीही फॅशन जुनी आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगासमोर हाच मुद्दा आला होता : कुणबी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो. आयोगानं मात्र नोंदवलं की या कारणाला फाजील महत्त्व दिलं जातं, असे प्रसंग आयुष्यात मोजकेच येतात. त्यामुळे मोठं लग्न केलं म्हणून मी कोणाला शहाणपण शिकवणार नाही. पोरीचं लग्न थाटात व्हावं असं बापाला वाटतं, यात गुन्हा काय?

माझा आक्षेप खर्चाला नाही, सक्तीला आहे. आज हॉल घ्यायचा तर अनेक ठिकाणी जेवण त्यांच्याच केटररचं, फुलं त्यांच्याच डेकोरेटरची. तुम्ही बाहेरून माणूस आणला तरी त्याचे वेगळे पैसे. न बोलावलेल्या जोशाची दक्षिणा आठवली का? वतन गेलं, पण वसुलीची रीत नव्या कपड्यात परत आली. फरक एवढाच की तेव्हा त्याविरुद्ध ओतूरचा पाटील कोर्टात उभा राहिला. आज आपण सही करतो, ॲडव्हान्स देतो आणि वर तीच बुकिंग स्टेटसला टाकतो.

आणि त्याहून मोठी सक्ती माणसांची आहे. “आमच्यात असं करत नाहीत.” हे ‘आमच्यात’ कधीपासून? ज्या रीतीला आपण परंपरा म्हणतो, त्यातल्या कित्येक गोष्टी एका पिढीपूर्वी आपल्या गावात नव्हत्या. प्री-वेडिंगचं शूटिंग आपल्या आजीच्या ‘आमच्यात’ होतं का? मग पोरगा आणि पोरगी मिळून म्हणाले की आम्हाला पन्नास माणसांत करायचंय, किंवा आम्हाला कळतील अशा मराठीत वचनं घ्यायचीत, तर तेवढ्यावरच परंपरा बुडते?

पुण्यात फुलेवाड्यात आजही सत्यशोधक लग्नं लागतात. सरकारच्या शुभमंगल योजनेत सामूहिक लग्नाबरोबर नोंदणी लग्नालाही अनुदान आहे. मार्ग भरपूर आहेत. वैदिक पद्धत मनापासून हवी असेल तर तीही करा, फक्त भटजींना प्रत्येक मंत्राचा अर्थ सांगायला लावा. तुमचा तो हक्क आहे. निवड कोणतीही असो, ती त्या दोघांची असावी आणि डोळे उघडे ठेवून केलेली असावी, एवढंच.

या हक्कासाठी आपल्याच तालुक्यातली माणसं हायकोर्टापर्यंत गेली होती. तो त्यांनी आपल्याला फुकट दिलाय, म्हणून तो फुकटचा समजू नका.

ओतूर, जुन्नर, आळेफाटा, नारायणगाव भागात कोणाच्या घरात जुन्या सत्यशोधक लग्नाची पत्रिका, पोथी किंवा आजीआजोबांनी सांगितलेली आठवण असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, फोटो टाका. कागद जीर्ण होतायत, आणि सांगणारी माणसंही कमी होत चाललीत.